एका स्टेशनची गोष्ट

जपानची आगगाडी म्हटली की वाऱ्याच्या वेगाने धावणारी लांबलचक गाडी आपल्या डोळ्यांसमोर येते. पण सगळे जपानी लोक रोज त्याच गाडीने प्रवास करत नाहीत. खेड्यापाड्यांतून तेथे लहान गाड्याही धावतात. त्यांना दोनच डबे असतात. रूळ एकेरी असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटी स्टेशने लागतात. अशाच एका मार्गावरील शेवटच्या स्टेशनची ही हकीकत आहे. त्या स्टेशनचे नाव किशी.

ओसाका या मोठ्या शहराच्या दक्षिणेला वाकायामा नावाचे शहर आहे. तेथून किशीपर्यंतचा रेल्वेमार्ग १४.३ किलोमीटर लांबीचा आहे. एवढ्या अंतरात १४ स्टेशने आहेत आणि प्रवासाला सुमारे अर्धा तास लागतो. वाटेत घरे, भाताची शेते आणि टेकड्या दिसतात. किशीचा परिसर स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे.

हा मार्ग जुना आहे. वाकायामाच्या आसपास तीन प्राचीन देवस्थाने आहेत. तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून १९१६ साली येथे एक छोटी रेल्वे सुरू झाली. तेव्हा ती किशीपर्यंत जात नव्हती. १९३३ साली रूळ पुढे वाढवले गेले आणि किशीचे स्टेशन उघडले. पुढे गाड्या विजेवर धावू लागल्या. मालकही बदलत गेले. १९६१ साली हा मार्ग नानकाई या मोठ्या रेल्वे कंपनीकडे आला.

१९७४ च्या सुमारास या गाड्यांतून वर्षाला ३६ लाख प्रवासी जात. नंतर रस्ते सुधारले आणि घरोघरी मोटारी आल्या. ज्याच्या दारात मोटार उभी आहे, तो गाडीची वाट कशाला पाहील? २००५ पर्यंत प्रवाशांची संख्या १९ लाखांवर आली. कंपनीला वर्षाला सुमारे ५० कोटी येन तोटा होऊ लागला. येन म्हणजे जपानचे नाणे. शेवटी २००४ साली कंपनीने जाहीर केले, की हा मार्ग आम्ही चालवणार नाही.

ही बातमी ऐकून लोक घाबरले. मोटार असलेल्या माणसाचे काही अडत नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलांनी काय करायचे? डोळ्यांना कमी दिसते म्हणून ज्यांनी मोटार चालवणे सोडले, त्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात कसे जायचे? एकदा रूळ उखडले, की ते पुन्हा कोणी टाकत नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

मग लोक एकत्र आले. त्यांनी एक संघटना काढली. हजारो लोक वर्गणी भरून तिचे सभासद झाले. त्यांनी सभा घेतल्या आणि सरकारकडे अर्ज केले. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. ते फक्त ‘गाडी बंद करू नका’ असे म्हणत बसले नाहीत. ‘चला, आपणच गाडीत बसू’ असेही ते एकमेकांना सांगू लागले. गाडी वाचवायची आणि प्रवास मात्र मोटारीने करायचा, हे कसे चालेल?

अखेर तोडगा निघाला. रेल्वेखालची जमीन वाकायामा शहर आणि किशीगावा नगर यांनी विकत घ्यायची. त्यासाठी प्रांताच्या सरकारने पैसे द्यायचे. पुढील १० वर्षांत होणारा तोटा ८२ कोटी येनपर्यंत शहराने आणि नगराने भरून द्यायचा. गाडी चालवायला दूरच्या ओकायामा शहरातील एक ट्राम कंपनी तयार झाली. तिने त्यासाठी एक नवी कंपनी काढली आणि १ एप्रिल २००६ रोजी कारभार हाती घेतला.

नव्या कंपनीने सर्वांत आधी खर्च कमी केला. नोकर कमी केले. किशी स्टेशनवर तर एकही माणूस ठेवला नाही. फलाट तसाच राहिला, पण स्टेशनमास्तर नाही.

याच वेळी एक वेगळीच अडचण उभी राहिली. स्टेशनला लागून एक किराणा दुकान होते. त्या दुकानदारीणबाईंनी टामा नावाची मांजरी पाळली होती. टामाचा जन्म १९९९ सालचा. तिच्या अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग होते. अशा तीन रंगांची मांजरे बहुतेक माद्याच असतात. टामाचे खोपटे स्टेशनच्या बाजूला होते. आता ती जमीन सरकारी झाली आणि खोपटे हलवण्याची वेळ आली. रेल्वे वाचली, पण मांजरी बेघर होणार होती!

बाईंनी नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांना विनंती केली, की मांजरीला स्टेशनातच राहू द्या. कोजिमा टामाला पाहायला गेले. तिच्या डोळ्यांकडे पाहताना त्यांना ती स्टेशनमास्तरची टोपी घातलेली दिसू लागली. ५ जानेवारी २००७ रोजी टामाची किशीची स्टेशनमास्तर म्हणून रीतसर नेमणूक झाली. तिच्या मापाची टोपी शिवली गेली. पगार म्हणून मांजरांचे खाणे ठरले. काम एकच, प्रवाशांचे स्वागत करायचे. म्हणजे तिकिटाच्या दाराजवळ बसून राहायचे. हे काम मांजराला शिकवावे लागत नाही.

टामाला पाहण्यासाठी लोक लांबून येऊ लागले. पुढे परदेशांतूनही आले. २००९ साली तिच्या नावाची गाडी धावू लागली. तिच्यावर टामाची १०१ चित्रे आहेत आणि गाडीच्या तोंडाला मिशा आहेत. २०१० साली स्टेशनची नवी इमारत झाली. तिचे छप्पर झाडाच्या सालीचे आहे. जपानमधील जुन्या देवळांची छपरेही अशीच असतात. त्या छपराला मांजरासारखे दोन कान आहेत.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले, की एका मांजरीने रेल्वे वाचवली. गोष्ट गोड आहे, पण ती पुरती खरी नाही. तारखा नीट पाहा. नव्या कंपनीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे एप्रिल २००६ ते मार्च २००७ या काळात, प्रवासी १९ लाखांवरून २१ लाखांवर गेले. त्या बारा महिन्यांपैकी पहिले नऊ महिने टामाच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्याआधीच लोक पुन्हा गाडीत बसू लागले होते. स्ट्रॉबेरीच्या चित्रांनी सजवलेली एक गाडी तर २००६ सालीच सुरू झाली होती. तिच्यासाठी लोकांनी देणग्या दिल्या होत्या. टामा आली ती वाचलेल्या रेल्वेवर. मात्र तिने दूरदूरचे पाहुणे आणले, हेही खरे.

२२ जून २०१५ रोजी टामा वारली. ती १६ वर्षांची होती. शिंतो रीतीप्रमाणे तिचा अंत्यविधी झाला आणि त्याला हजारो लोक आले. तिच्यानंतर निटामा ही मांजरी किशीची स्टेशनमास्तर झाली. जपानीत ‘नि’ म्हणजे दोन. निटामा म्हणजे दुसरी टामा.

एवढे होऊनही मार्ग नफ्यात आला नाही. २०१६ साली ठरलेली १० वर्षे संपली, तेव्हा शहरांना पुढील १० वर्षांसाठी पुन्हा मदतीचा करार करावा लागला. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि पाहुणे येईनासे झाले. तरी शाळेच्या मुलांसाठी गाडी चालूच ठेवावी लागली. या मुलांना स्टेशनमास्तर मांजर क्वचितच भेटते. तिची कामाची वेळ सकाळी दहाला सुरू होते, आणि तोवर मुले वर्गात जाऊन बसलेली असतात.