ऑफरोड ट्रेलरला ब्रेक कोणते?

ऑस्ट्रेलियात कॅम्पर ट्रेलर जोडून कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांसाठी. ट्रेलरच्या चाकांवरचा भार २००० किलोपर्यंत असेल तर ओव्हरराइड ब्रेक चालतात. त्यापुढे सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ब्रेकअवे: ट्रेलर सुटलाच तर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत.

ओव्हरराइड स्वस्त, वायरिंगची कटकट नाही. पण ट्रेलरने गाडीला ढकललं की ते लागतात. त्यामुळे लांब उतारावर लागूनच राहतात आणि तापतात. माझा कौल इलेक्ट्रिकला. कंट्रोलरवरून नुसते ट्रेलरचेच ब्रेक लावता येतात. निसरड्या उतारावर ट्रेलर आडवा व्हायला लागला की ही सोय लाखमोलाची! फक्त चिखलपाण्यातून आलात की ड्रम उघडून साफ करा.