मातृवेलीशी जुळणारे पट्टे

द्राक्षबाग लावणं हा अनेक वर्षांचा करार असतो. म्हणून टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेबाहेर सोडण्याआधी मी ती तपासतेच.

आमच्या बाटल्यांत डॉगरिज वाढतो. क्षार आणि पाण्याची टंचाई सोसणारा हा खुंट. नाशिक-सांगलीकडे त्यावर थॉमसनसारख्या जातींचं कलम करतात. डोळ्यातून थेट फुटलेला कोंब सहसा मूळ गुण राखतो. पेशींच्या अव्यवस्थित गोळ्यातून, म्हणजे कॅलसमधून घडवलेल्या रोपांत मात्र बदलाचा धोका जास्त. १९८१ मध्ये लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी अशा बदलांना सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हटलं.

तपासणीसाठी मी कोवळं पानच घेते. जून पानातली फिनॉल द्रव्यं डीएनए खराब करतात. मग पीसीआर यंत्रात डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती होतात. जेलमध्ये वीज सोडली की लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात आणि पट्टे उमटतात. शेजारच्या रांगेत मातृवेलीचे पट्टे असतात. एखादा पट्टा जास्त किंवा गायब दिसला, तर चाचणी पुन्हा करायची. फरक टिकला, तर ते रोप बाद.

पट्टे जुळले तरी सगळा डीएनए वाचला गेला असं नव्हे. ही मोजक्या जागांची पाहणी आहे. म्हणून शेतातली वाढही पाहावी लागते. बागायतदारांनी रोपं घेताना मातृवेल कोणती आणि तपासणी कशी झाली, हे हक्कानं विचारावं. पुढची कित्येक वर्षं राबणार आहेत तेच.