मोटारीच्या चाकाचें बेअरिंग

बैलगाडीचा आंस कुरकुरूं लागला म्हणजे गाडीवान तुंब्यांत वंगण घालीत असे, व गाडी पुन्हां निमूटपणें चालूं लागे. मोटारीच्या चाकाची तक्रार इतक्यावर भागत नाहीं. तिच्या तुंब्यांत, म्हणजे ज्यास कारागीर हब म्हणतात त्यांत, पोलादाचीं दोन कडीं एकांत एक बसविलेलीं असतात आणि त्यांच्यामध्यें गुळगुळीत गोळ्या किंवा रूळ फिरत असतात. हेंच बेअरिंग. गाडीचा सारा भार त्याच्या द्वारें चाकावर उतरतो. तें झिजलें किंवा गंजलें असतां बदलावेंच लागतें. आणि बदलण्याची रीत चुकली तर नवें बेअरिंग बसवितांनाच निकामी होतें, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

ही युक्ति जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यानें घोडागाडीच्या आंसासाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट १७९४ सालीं घेतलें. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिश फिशर यानें पोलादी गोळ्या अगदीं सारख्या घांसून काढणारें यंत्र तयार केलें, तेव्हां ही वस्तु मोठ्या प्रमाणावर निघूं लागली. गोळ्यांच्या या सारखेपणावरच बेअरिंगचें आयुष्य अवलंबून असतें. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर एका किलोमीटरांत त्याचे सुमारें ५५५ फेरे होतात, आणि लाख किलोमीटरांत साडेपांच कोटींहून अधिक. इतके फेरे निर्वेध व्हावयाचे तर आंत ओरखडा किंवा गंजाचा कण असून चालत नाहीं.

बेअरिंगमध्यें कारखान्यांतच वंगण भरून दोन्ही बाजूंस झांकणें बसविलेलीं असतात. झांकण झिजलें कीं पाणी आंत शिरतें. कोंकणच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा जोर विशेष. तापलेलें हब रस्त्यावर सांचलेल्या पाण्यांत एकदम निवतें, आंतली हवा आकसते, आणि झिजलेल्या झांकणांतून पाणी आंत ओढलें जातें. मग वंगण बिघडतें व पोलादास गंज चढतो.

या दुखण्याची पहिली खूण म्हणजे वेगाबरोबर वाढणारा घुमणारा आवाज. गाडी उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळीं आवाज वाढला तर दोष बहुधा डाव्या बाजूस असतो. मग गाडी जॅकनें उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी आणि चाक वर व खालीं धरून हलवून पाहावें. चाक डगडगलें, आणि दुसऱ्यानें ब्रेक दाबतांच तें डगडगणें थांबलें, तर बेअरिंग झिजलें असें समजावें. न थांबल्यास इतर सांधे तपासावे. या खुणांची उपेक्षा केली तर बेअरिंग तापून जाम होतें, आणि प्रसंगीं धांवत्या गाडीचें चाकच निखळतें.

काढण्याच्या कामीं आंसाचा मोठा नट चाकें जमिनीवर असतांनाच ढिला करावा. उचललेल्या गाडीवर तेवढा जोर करणें धोक्याचें आहे. नंतर गाडी उचलून चाक काढावें. ब्रेकचा कॅलिपर तारेनें टांगावा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. वेग मोजणारा सेन्सर असल्यास तोही जपून सोडवावा.

येथें गंज आडवा येतो. लोखंड गंजलें म्हणजे गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें बेअरिंग आणि त्याचें घर यांच्यामध्यें पाचर मारल्यासारखें होतें. अशा वेळीं गंज सोडविणारें तेल घालून कांहीं तास थांबावें व मग पुलरनें ओढावें. तरीही न निघाल्यास घर गाडीवरून उतरवून तापवितात. पोलादाचें तपमान १०० अंश सेल्सिअसनें वाढलें कीं ७० मिलिमीटरचें छिद्र सुमारें ०.०८ मिलिमीटरनें मोठें होतें, आणि पकड सुटावयास तेवढें बहुधा पुरतें. जुनें बेअरिंग निघाल्यावर घराची आंतली बाजू गंज काढून स्वच्छ करावी. नाहीं तर नवें वांकडें बसतें.

कित्येक नव्या गाड्यांत हब व बेअरिंग मिळून एकच वस्तु असते व ती बोल्टांनीं बसते. परंतु दाबून बसवावयाचें असेल तेथें नियम एकच: जें कडें घट्ट बसवावयाचें, दाब त्याच कड्यावर द्यावा. घरांत बसवितांना दाब बाहेरच्या कड्यावर. पुढें त्यांत हब दाबतांना आधार आंतल्या कड्यास. उलट झालें तर सारा जोर गोळ्यांतून जातो आणि प्रत्येक गोळी कड्यांत आपला ठसा उमटविते. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनीं १९०० सालीं धातूची कठीणता मोजण्याची रीत मांडली. तींत पोलादी गोळी धातूवर दाबून पडलेला खळगा मोजीत. हातोडीचा घाव बेअरिंगच्या आंत नेमका हाच प्रयोग करतो. खळगे बाहेरून दिसत नाहींत; कारागिराची मजुरी दिली जाते, आणि कांहीं दिवसांनीं तोच आवाज परत येतो.

शेवटीं आंसाचा नट नवा घालावा आणि गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क रेंचनें आवळावा. तो आवळण्यापूर्वीं गाडीचा भार त्या चाकावर मुळींच येऊं देऊं नये; कारण पुष्कळ बेअरिंगांत आंतलें कडें दोन भागांचें असून ते भाग नटाच्या आवळणीनेंच एकत्र राहतात.

ज्यांस हें काम स्वतः करावयाचें नाहीं, त्यांनींही कारागिरास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: बेअरिंग प्रेसनें बसविणार कीं हातोडीनें, नट नवा घालणार कीं जुनाच, आणि आवळण्याचें माप पुस्तकांतून घेणार कीं अंदाजानें. चांगल्या कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. आणि ज्यास येतो, त्याच्या हातीं चाक न दिलेलें बरें.