ट्रॅक्टरचा लाल दिवा : ऑईल संपले, प्रेशर गेले की नुसती वायर?



ऊस विकास विभागाकडून बेणे, लागण, खते, खोडवा यांविषयी आपण नेहमी वाचता. या वेळी विषय जरा निराळा आहे. ऊस कितीही चांगला पिकला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत त्याचे पैसे होत नाहीत. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांत गाळला गेला पाहिजे. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर वाटेत उभा राहिला, की उसाचे वजन घटते, उतारा घटतो आणि फडात टोळी बसून राहते. म्हणून ऐन हंगामात इंजिन बसवणाऱ्या एका कारणाची माहिती येथे देत आहे. ते कारण म्हणजे डॅशबोर्डवर लागलेला आणि ड्रायव्हरने दुर्लक्षिलेला ऑईलचा लाल दिवा.

दिवा काय सांगतो?

दिव्यावर तोटीच्या तेलाच्या डब्याचे चित्र असते. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो, की चेंबरमधले ऑईल कमी झाले की हा दिवा लागतो. वास्तविक हा दिवा ऑईलच्या दाबाचा आहे. क्रँक आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो, त्या थरावर क्रँक तरंगत फिरते. पंपाने दाब दिला नाही तर थर तुटतो, धातूला धातू घासतो, बेअरिंग वितळते आणि इंजिन जाम होते. भरल्या लोडवर याला काही मिनिटेच पुरतात.

इंजिनच्या ब्लॉकवर एक लहान स्विच बसवलेला असतो. दाब नसला की तो वायरला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोड सुटतो आणि दिवा विझतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी, दिवा लागलाच पाहिजे. आणि इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी फिरवूनही जो दिवा लागत नाही, तो सर्वांत धोक्याचा. बल्ब उडाला असेल, वायर तुटली असेल किंवा स्विच बिघडला असेल. मग पुढे दाब गेला तरी कोण सांगणार?

चालताना दिवा लागला तर

1. ट्रॅक्टर बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. “काटा दोनच किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊन बघू,” हा विचार करू नये. सुरुवातीला एक वायर किंवा थोडे ऑईल यांवर भागणारे काम त्या दोन किलोमीटरांत क्रँकवर जाते.

2. सपाट जागी 10 मिनिटे थांबून ऑईलची पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल तर गळती शोधावी : ड्रेन बोल्ट, फिल्टरचे रबर, चेंबरचे पॅकिंग. गळती थांबवून त्याच ग्रेडचे ऑईल भरावे. वरच्या खुणेच्या वर भरू नये. जादा ऑईल घुसळून फेस होतो आणि फेसाने दाब मिळत नाही.

3. ऑईल बोटावर घेऊन पाहावे. पाण्यासारखे पातळ आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल मिसळत आहे. दुधट असेल तर पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली दिसली तरी हाच संशय धरावा. या स्थितीत इंजिन पुन्हा चालू करू नये.

4. रेडिएटरची जाळी पाहावी. आपल्या भागात पाचट आणि धूळ जाळीवर बसते, इंजिन तापते, ऑईल पातळ होते आणि दाब उतरतो.

ऑईल ठीक आहे, तरी दिवा जात नाही

इंजिन बंद, चावी चालू ठेवून स्विचवरची वायर काढावी. दिवा तसाच राहिला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. शेडमध्ये उंदरांचा उपद्रव असेल तर तेथूनच शोध सुरू करावा. वायर काढल्यावर दिवा विझला तर वायर ठीक. दोष स्विचमध्ये आहे किंवा दाब खरोखरच कमी आहे. येथे अंदाज चालत नाही. फिटरकडून स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून दाब मोजून घ्यावा आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावा. दाब बरोबर असेल तर फक्त स्विच बदलावा. कमी असेल तर चेंबरमधली जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, पंप आणि बेअरिंग या क्रमाने तपासणी करवून घ्यावी. नव्या इलेक्ट्रॉनिक डॅशबोर्डच्या ट्रॅक्टरवर वायरचा प्रयोग घरी करू नये.

इंजिन तापल्यावर फक्त स्लो रेसला दिवा लुकलुकत असेल, तर ती बेअरिंग किंवा पंप झिजल्याची खूण असू शकते. अशा वेळी जाड ऑईल टाकून दिवा विझवणे म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर लपवणे होय.

हंगामापूर्वीची काळजी

ऑईल बदलण्याचा हिशेब महिन्यावर न ठेवता तासांवर ठेवावा. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तकात ही मुदत 250 तासांची असते. हंगामात ट्रॅक्टर रोज 15 तास चालला, तर ती अवघ्या 17 दिवसांत भरते! प्रत्येक वेळी फिल्टरही बदलावा. फिल्टर तुंबला तरी दिवा लागेलच असे नाही. बहुतेक फिल्टरना बगल देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यातून घाण ऑईल तसेच बेअरिंगवर जाते.

ट्रॅक्टर आपला असला तरी दिवा ड्रायव्हरच्या समोर असतो. त्याला हे वाचून दाखवावे. आणि दिवा पाहून त्याने भरला ट्रॅक्टर वाटेत थांबवला, खेप चुकली, तर त्याला बोल लावू नये. एकदा बोलणी बसली, की पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी