मोटारींत पाणी येतें कोठून?

मृगाच्या दोन चार सरी पडल्या कीं, आपल्या हिंगोलीसारख्या गांवीं पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकूं येऊं लागते. दारें, कांचा सर्व नीट लावलेलीं असतांना मोटारीच्या आंत ओल येते. पायाखालचें जाजम भिजतें, कुबट वास सुटतो आणि सकाळीं समोरच्या कांचेवर असें धुकें सांचतें कीं पुढचा रस्ता दिसेनासा होतो. मग कोणी मुलांवर पाणी सांडल्याचा आळ घेतो, कोणी गाडी धुणाऱ्यास बोल लावतो, तर कोणी तडक गॅरेज गांठून सर्व दारांचीं रबरें बदलावयास सांगतो. रोगाची परीक्षा न करितां औषध देण्यासारखेंच हें आहे. पैसा जातो, आळ निरपराध्यावर येतो, आणि पाणी मात्र येतच राहतें.

ही बाब क्षुल्लक नव्हे. जाजमाखालीं फोमचा जाड थर असतो. जाजम वरून कोरडें झालें तरी हा थर कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. त्या ओलीनें तळाचा पत्रा गंजतो, खालून नेलेल्या विजेच्या तारांचे जोड बिघडतात आणि बुरशी वाढते. ज्या मुलांस दम्याचा विकार आहे त्यांस अशी बंद, बुरसट हवा फार बाधते. शिवाय औंढ्याच्या किंवा नांदेडच्या रस्त्यानें भर पावसांत जात असतां समोरची कांच आंतून आंधळी झाली, तर केवढा अनर्थ ओढवेल हें सांगावयास नकोच.

प्रथम एवढें ध्यानांत धरावें कीं, गाडींत पाणी तीन मार्गांनीं येतें. पहिला मार्ग, आंतल्या हवेंतील वाफ थंड कांचेवर जमून तिचें दंव होतें. दुसरा, गाडीच्याच यंत्रांतील पाणी वाट चुकून आंत उतरतें. तिसरा, पावसाचें पाणी बाहेरून शिरतें. तिहींचे उपाय निरनिराळे असल्यामुळें मार्ग ओळखणें हेंच मुख्य काम होय.

दंव आकाशांतून खालीं पडतें, असें लोक पूर्वीं समजत. विल्यम चार्ल्स वेल्स नांवाच्या डॉक्टरानें रात्रीं उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवून व ते पुन्हां पुन्हां तोलून पाहून 1814 सालीं दंवावर एक निबंध प्रसिद्ध केला. जो पदार्थ भोंवतालच्या हवेपेक्षां थंड होतो त्याच्यावर हवेंतील वाफ जमते, हें त्यानें त्यांत दाखविलें. ऊन हवा पुष्कळ वाफ धरते, थंड हवा थोडी धरते. एक घनमीटर हवेंत 30 अंश सेल्सिअस उष्णतेला सुमारें 30 ग्रॅम वाफ मावते. तीच हवा 20 अंशांवर आली कीं सुमारें 17 ग्रॅमच मावते. उरलेले 13 ग्रॅम जाणार कोठें? ते पाण्याचे बारीक कण होऊन कांचेवर बसतात. चार माणसें ओल्या कपड्यांनिशीं व भिजलेल्या छत्र्यांसह बंद गाडींत बसलीं, तर त्यांच्या श्वासांतील व वस्त्रांतील वाफेनेंच कांच धुरकटते. येथें गळती मुळींच नाहीं.

अशा वेळीं बोटानें कांच पुसून पाहावी. धुकें आंतून असेल, तर एसी चालू करून त्याचा झोत समोरच्या कांचेवर सोडावा व बाहेरची हवा आंत घेणारी कळ लावावी. कारण एसी हवा नुसती थंड करीत नाहीं, ती कोरडीही करतो. धुकें बाहेरून असेल, तर कांच फार थंड झाली असें समजावें. वायपर फिरवावा व थंडपणा कमी करावा. हिंवाळ्यांत निरभ्र रात्रीनंतर बाहेरच्या कांचेवर दंव दिसलें तर काळजीचें कारण नाहीं. परंतु कोरड्या दिवसांतही गाडी रात्रभर बंद राहिल्यावर कांच रोज आंतून ओली दिसूं लागली, तर जाजमाखालीं कोठें तरी पाणी दडलें आहे असा संशय घ्यावा.

आतां यंत्रांतील पाण्याकडे वळूं. एसीच्या थंड नळ्यांवर हवेंतील वाफ जमते व तें पाणी एका लहान नळीनें गाडीखालीं ठिबकतें. उभ्या गाडीखालीं असें स्वच्छ पाणी दिसलें तर तें यंत्र नीट चालल्याचें लक्षण होय. ती नळी धुळीनें किंवा किड्यांच्या घरट्यानें बुजली, तर तेंच पाणी आंत उतरतें व बहुधा पुढच्या आसनापाशीं पायाखालीं सांचतें. पाऊस नसतांना केवळ एसी चालविल्यावर ओल आली, तर दोष येथेंच शोधावा. ओल चिकट असेल, तिला गोडसर वास येत असेल व कांचेवर तेलकट पापुद्रा बसत असेल, तर इंजिन थंड ठेवणारें कूलंट गळत आहे. तें विषारी असतें. त्याची चव कदापि घेऊं नये, गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

राहिलें पावसाचें पाणी. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं एक पन्हळ असते. कडुनिंबाखालीं किंवा चिंचेखालीं गाडी उभी राहिली कीं तींत बारीक पानें सांचतात, पाण्याचीं भोकें बुजतात आणि तुंबलेलें पाणी पंख्याच्या वाटेनें आंत येतें. दाराच्या पोकळींत कांचेच्या कडेनें थोडें पाणी नेहमींच उतरतें व खालच्या भोकांतून निघून जातें. तीं भोकें बुजलीं, किंवा आंतील प्लास्टिकचा पडदा दुरुस्तीच्या वेळीं फाटला, तर पाणी पायांपाशीं येतें. छपराला उघडणारी खिडकी असल्यास तिच्या कोपऱ्यांतील नळ्या पाहाव्या. डिकींतील जादा चाकाचा खळगा भरत असेल, तर मागील दिव्यांचीं व डिकीच्या झांकणाचीं रबरें तपासावीं.

परीक्षेची रीत सोपी आहे. दाराच्या रबरावर शाळेंतला खडू घांसावा, दार लावून पुन्हां उघडावें. चौकटीवर पांढरी रेघ जेथें तुटली असेल तेथें रबर नीट टेंकत नाहीं. नंतर एकानें विजेरी घेऊन आंत बसावें व दुसऱ्यानें रबरी नळीनें हलकी धार सोडावी. धार खालून वर न्यावी व प्रत्येक ठिकाणीं कांहीं मिनिटें थांबावें. आरंभींच छपरावर पाणी ओतलें, तर तें खालच्या सर्व सांध्यांवरून वाहतें व चोर कोणता हें कळत नाहीं. छिद्र सांपडलें कीं तें दुरुस्त करून पुन्हां तीच धार सोडून पाहावी. मग जाजम उचलून खालचा फोम उन्हांत खडखडीत वाळवावा. नाहीं तर गळती थांबूनही कुबट वास जात नाहीं.

पवित्र शास्त्रांत, शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत, गिदोनाची कथा आहे. पहिल्या रात्रीं लोकर दंवानें भिजली व भूमि कोरडी राहिली; तेवढ्यावर न थांबतां त्यानें दुसऱ्या रात्रीं नेमकें उलट घडावें अशी विनंति केली. त्याची ती विनंति श्रद्धेच्या क्षेत्रांतील होती. तथापि एका खुणेवर निर्णय करूं नये, उलट बाजूही पाहावी, हा धडा प्रत्येक शोधकानें घेण्याजोगा आहे. पाऊस असतांना ओल येते, तर पाऊस नसतांना येते काय? एसी चालू असतां येते, तर बंद असतां येते काय? एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय घडतें तें वहींत टिपून ठेवावें.

विद्यार्थी मित्रहो, डाग जेथें दिसतो तेथेंच पाणी शिरलें असें नसतें; तें पत्र्याच्या कडेकडेनें दूरवर वाहत येऊन मग प्रकट होतें. यास्तव घरीं गाडींत ओल दिसली, तर कोणास दोष देण्यापूर्वीं खडू, विजेरी व पाण्याची नळी घेऊन वडिलांबरोबर एक तास खर्च करा. गाडी कोरडी होईल. आणि ज्यानें पाणी सांडलेंच नाहीं अशा धाकट्या भावंडावरचा आळही टळेल.