घरगुती चलत्-आसनाचे नियोजन : कोन आणि सांधा

संगणकावरील मोटारशर्यतीच्या खेळास जोडावयाचे हलते आसन घरी तयार करताना पहिला विचार कोनाचा करावा लागतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटात ब्रेक लावला की शरीर पुढे ओढले जाते. खोलीतील आसनास धावण्यास जागाच नसते. म्हणून ते पुढे कलते व गुरुत्वाकर्षणाचा एक घटक मंदनाची जागा घेतो. १० अंशांच्या कलास हा घटक गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७ टक्के, तर १५ अंशांस २६ टक्के असतो. कल सावकाश हवा, अन्यथा अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका फसत नाहीत. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी केलेले कलणारे यंत्र तर ऑर्गनच्या भात्यांवर चालत असे!

घरगुती रचनेत गफलत बहुधा सांध्याच्या जागेत होते. चालकासह ८० किलोग्रॅम भरणाऱ्या आसनाचा गुरुत्वमध्य सांध्याच्या उभ्या रेषेपासून १० सेंटीमीटर सरकला, तर नुसते स्थिर राहण्यासही सुमारे ७८ न्यूटन-मीटर बलाघूर्ण लागते. वायपरची जुनी मोटर अशा भाराने तापते, प्रसंगी जळते. म्हणून चालकास बसवूनच सांध्याची जागा निश्चित करावी. कोन मोजणाऱ्या पोटेन्शियोमीटरची तार तुटल्यास मोटर थेट टोकापर्यंत फिरू शकते. तेव्हा दोन्ही बाजूंस लोखंडी अटकाव आणि चालकाच्या हाताशी वीज तोडणारे बटण आराखड्यातच असावे.