खदान ओसाड दिसते, रिकामी नसते

नेवाडाच्या वाळवंटात जीपने धूळ उडवत जायचं, शंभर वर्षं जुन्या खाणीत टॉर्च लावून शिरायचं. असे व्हिडिओ पाहिले की लोधीखेड्याच्या पोरांना आपल्या भागातली खदान आठवणारच. सौंसरचा पट्टा मँगनीजचा. सीतापारला सापडलेल्या खनिजाला भूशास्त्रज्ञ फर्मॉर यांनी 1909 मध्ये ‘सीतापाराइट’ म्हटलं होतं. पुढे ते बिक्सबाइटच ठरलं. पण वाळवंटातली खाण बहुधा कोरडी असते, आपली दर पावसाळ्यात पाणी पिते. तिकडचं धाडस इकडे का चालत नाही, ते पाहू.

गैरसमज : काडी पेटती राहिली म्हणजे हवा चांगली.
वस्तुस्थिती : बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो 16-17 टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. काडी सांगते ते एवढंच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस मरेल एवढा तो असला तरी काडी खुशाल जळते. मिथेन 5 ते 15 टक्के असेल, तर ती काडीच स्फोट घडवते.

गैरसमज : गॅस कोळशाच्या खाणीत, मँगनीजच्या नाही.
वस्तुस्थिती : मिथेनची भीती मुख्यतः परासियाकडच्या कोळसा खाणींत, हे खरं. पण बंद बोगद्यात कुजणारी लाकडी टेकणं कुठल्याही खाणीत प्राणवायू खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने खोलगट जागी साचतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. इथेही तेच होतं. कोणी आत पडलं तर मागोमाग उतरू नका, 112 ला फोन लावा.

गैरसमज : खदानीतलं पाणी म्हणजे तळंच.
वस्तुस्थिती : तळ्याचा काठ हळूहळू उतरत जातो. उघडी खदान मात्र उभ्या पायऱ्या कापत खाली जाते, म्हणून गुडघाभर पाण्यातून टाकलेलं पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. वरचं पाणी उन्हाने कोमट असलं तरी खालचं गारठवणारं असतं, आणि बाहेर यायला धरावी ती कड हातात सुटून येते. खाणीतलं पाणी जाणत्यांनाही सोडत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली कोळसा खाणीत 10 डिसेंबर 1954 रोजी पाणी घुसलं आणि 63 कामगार गेले. धनबादजवळच्या चासनाळ्यात 27 डिसेंबर 1975 रोजी जुन्या कामांत साठलेलं पाणी खालच्या खाणीत फुटलं. 375 जण दगावले. हे रोज खाणीत उतरणारे लोक होते.

गैरसमज : फोर बाय फोर असली की ढिगाऱ्यावर चढता येतं.
वस्तुस्थिती : खदानीकाठचा ढिगारा म्हणजे टेकडी नव्हे. ती नुसती ओतलेली माती आणि दगड, उतारावर जेमतेम तोल धरून राहिलेले. पाऊस मुरला की तो तोलही जातो. खड्ड्याची कड खालून पोखरलेली असली तर वरून कळत नाही. गाडीची ताकद चारी चाकांना मिळते, खालच्या जमिनीला नाही.

गैरसमज : बंद खदान कोणाचीच नसते.
वस्तुस्थिती : पट्टेदार, वनखातं किंवा शेतकरी, जमिनीला धनी असतोच. राखीव जंगलात परवानगीविना घुसणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. परवान्याशिवाय खनिज खणलं तर 1957 च्या खाण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

गैरसमज : धोका असता तर सरकारने बुजवली असती.
वस्तुस्थिती : खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला तो 2003 मध्ये. त्याआधीच सोडून दिलेल्या खड्ड्यांना तो लागलाच नाही. कुंपण नाही, पाटी नाही, याचा अर्थ भीती नाही असा होत नाही.

मग पाहायचंच नाही का? जरूर पाहा, पण उजेडात आणि कडेपासून लांब राहून. इथल्या प्राचीन खडकांच्या गटाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘सौंसर’ म्हणूनच ओळखतात. त्यातल्या मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झच्या खडकाला फर्मॉर यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. तो ओळखायला बोगद्यात शिरावं लागत नाही; जाणकार सोबत असला तर उघड्या खडकावरही भेटतो.